डोंगर कोरडा असताना

सह्याद्रीत हिवाळ्यात फोटो काढायला सगळे जातात. हिवाळ्याचे फोटो मात्र फारसं कुणी काढत नाही. नोव्हेंबर लागला की मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या अकोले तालुक्याकडे वळतात. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत, रतनगडाच्या रतनवाडीत, सांदण दरीच्या तोंडाशी वसलेल्या साम्रदमध्ये शनिवारी रात्री पाय ठेवायला जागा नसते. सोमवारपर्यंत या सगळ्यांचे फोटो फोनवर येऊन पडतात आणि त्यांत हिवाळा काही सापडत नाही. असतो तो मावळतीचा सोनेरी पट्टा, आत दिवा लावलेला नारिंगी तंबू, हात पसरून दरीकडे तोंड करून उभी असलेली एक पाठमोरी आकृती आणि संगणकावर निळंजांभळं करून घेतलेलं आभाळ. गवत दिसलंच तर तेही हिरवट केलेलं. अहिल्यानगर जिल्ह्याचा हा कोपरा डिसेंबरात खरोखर कसा दिसतो, हे या फोटोंवरून कुणाला सांगता यायचं नाही.

माझं म्हणणं असं, की या डोंगराबद्दल जे काही नजरेनं शिकता येतं त्यातलं बहुतेक हिवाळ्यातच शिकता येतं. दोर घेऊन कड्याला भिडणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलंय. कॅमेऱ्यानं मात्र त्याकडे पाठ फिरवली आहे. ही काही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. त्याची किंमत डोंगर मोजतो, डोंगरातली माणसं मोजतात आणि फोटो पाहून कड्याच्या टोकाशी जाणारी नवखी मंडळीही मोजतात.

आधी हा हिवाळा काय चीज आहे ते पाहू. नगर जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे पाथर्डी-जामखेडचा दुष्काळी माळ येतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरला, वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चार महिने हा मुलूख ढगात बुडालेला असतो. ऑक्टोबरात ढग उठतात, भातकापणी होते, खाचरं रिकामी पडतात आणि गवत बघता बघता पिवळं होतं. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की भंडारदरा-घाटघर पट्ट्यात पहाटे गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. बर्फ म्हणावं असं आपल्याकडे असतं ते एवढंच, सूर्य वर येईपर्यंत टिकणारं.

हिमालयात किंवा आल्प्समध्ये हिवाळी चढाई म्हणजे डोंगराशी त्याच्या सगळ्यात क्रूर रूपात गाठ. एव्हरेस्टवर हिवाळ्यात पहिलं पाऊल पडलं ते 17 फेब्रुवारी 1980 रोजी, पोलंडच्या दोघा गिर्यारोहकांचं. के-टू तर 16 जानेवारी 2021 पर्यंत कुणाला हिवाळ्यात दाद देत नव्हतं. आपल्याकडे सगळं उलटं. सह्याद्रीचा क्रूर ऋतू पावसाळा. उन्हाळा पाण्यावाचून जीव काढणारा. कातळावर हात टाकायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत. कातळ कोरडा असतो, तापलेला नसतो, टाक्यांत पाणी असतं. अडचण एकच, दिवस जेमतेम अकरा तासांचा. सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि त्याआधी दोर आवरलेला बरा.

म्हणजे इथला हिवाळा पराक्रमाचा ऋतू कमी आणि अभ्यासाचा जास्त. तो कसा, हे कड्याकडे नीट पाहिलं तर कळतं. हे सगळे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांचे. थराचा घट्ट गाभा उभा तुटतो, त्याचा कडा होतो. थराचा वरचा सच्छिद्र, मऊ भाग झिजतो, तिथे आडवी पायरी पडते, माती साचते, गवत उगवतं. पावसाळ्यात हे सगळं एका हिरव्या पांघरुणाखाली जातं. डिसेंबरात, जुन्या वाड्याचा गिलावा उडाल्यावर चिऱ्यांचे थर दिसावेत, तसा डोंगर उघडा पडतो. काळ्या कातळावर प्रत्येक पायरी ही वाळक्या गवताची पिवळी रेघ होऊन दिसते. कुठली रेघ अखंड आहे, कुठली मध्येच तुटते, कुठे उभी भेग एका पायरीवरून दुसरीपर्यंत पोचते, कुठे मुरमाचा घसारा आहे, हे समोरच्या डोंगरावरून दुर्बिणीनं वाचता येतं. प्रस्तरारोहक नेमकं हेच करतात. मोहिमेआधी समोरून कड्याचा फोटो घ्यायचा, त्यावर मार्गाची रेघ ओढायची, थांबण्याच्या जागा ठरवायच्या, किती दोर लागेल त्याचा अंदाज बांधायचा. हा फोटो दिसायला रूक्ष असतो. तो भिंतीवर लावायला कुणी मागत नाही. पण त्याच्यावर माणसाचा जीव तोललेला असतो.

उजेडाचंही तसंच. फोटो म्हणजे पहाट किंवा सांज, दुपारच्या उन्हात कॅमेरा काढू नये, हा धडा आपण परक्या अक्षांशांवरून आणि उन्हाळी दिवसांवरून घोकला. अकोले तालुका साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य इथे डोक्यावर असतो आणि वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवावा हे खरं. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य ऐन दुपारीही क्षितिजापासून 47 अंशांपेक्षा वर चढत नाही. काठी रोवली तर जवळपास काठीएवढीच सावली पडते. म्हणजे हिवाळ्याची दुपार ही कातळाचा प्रत्येक कंगोरा, प्रत्येक खाच उठून दाखवणारी वेळ आहे. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतींवर या दिवसांत दुपारी ऊन येतच नाही. तिथला मऊ, सारखा उजेड कोरीव कामासाठी आणि माणसाच्या चेहऱ्यासाठी फार चांगला. डिसेंबरात सूर्य मावळतो तोही नेमक्या पश्चिमेला नाही, तिच्या दक्षिणेला सुमारे 25 अंश. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं तोंड पश्चिम-वायव्येला. त्यामुळे या दिवसांत संध्याकाळचं ऊन कड्यावर समोरून न पडता तिरपं, चाटून जातं आणि पोटात गेलेल्या त्या भिंतीची खोली तेव्हा कळते. गंमत अशी, की त्याच घटकेला कड्यावर जमलेल्या शेकडो फोनांची तोंडं कड्याकडे नसतात, सूर्याकडे असतात.

धुरकटपणाचीही हीच कथा. हिवाळ्यात कोकण स्वच्छ दिसत नाही म्हणून लोक नाराज होतात आणि संगणकावर धूसरपणा काढून टाकायची कळ दाबतात. ते धुरकट का असतं? लांब रात्रीत जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, वर त्यामानानं उबदार हवेचं झाकण बसतं. खालचं बाष्प, धूळ, चुलीचा आणि कारखान्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. सकाळी सात वाजता कड्यावरून पाहिलं तर या थराची वरची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ दिसते. शहापूर-मुरबाडकडचे सुळके तिच्यातून वर आलेले असतात. ऊन तापलं की झाकण मोडतं आणि दहा-अकराच्या सुमारास सगळी धूसरता वर चढून येते. हे हवेचं काम फोटोत दिसू शकतं, दिसायला हवं. ती कळ दाबली की त्या सकाळबद्दलची सगळ्यात खरी गोष्ट पुसली जाते.

कोकणकड्याचं एक फार जुनं वर्णन इथे आठवायला हवं. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावर वर्तुळाकार इंद्रधनुष्य पाहिलं, ज्याला आपले भटके इंद्रवज्र म्हणतात. 1835 साली त्यांना ते दिसलं असं सगळीकडे छापलेलं असतं. 1835 हे खरं तर त्यांचा दख्खनच्या हवामानावरचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला ते वर्ष. त्यातली निरीक्षणं 1825 ते 1830 दरम्यानची. छायाचित्रणाची जगाला ओळख झाली 1839 मध्ये. म्हणजे साइक्स यांच्याकडे कॅमेरा असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी काय केलं? कोकणातून वर येणारं धुकं कड्याच्या माथ्याहून थोडं उंच उठलं होतं पण पठारावर शिरत नव्हतं, ते स्वतः धुक्याच्या अगदी बाहेर कड्याच्या काठाशी होते, सूर्य पाठीशी आणि फार खाली होता, वर्तुळाचा अर्धा भाग उभं राहण्याच्या पातळीच्या वर आणि अर्धा खाली होता, मध्यभागी त्यांची स्वतःची, घोड्याची आणि सोबतच्या माणसांची सावली होती, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. ते वाचून आजही कुणी योग्य दिवशी, योग्य घटकेला, योग्य जागी जाऊन उभं राहू शकतं. आपण काय पाहिलं एवढंच न सांगता कुठे उभं राहून पाहिलं हे सांगणं, डोंगराच्या चित्राची खरी कसोटी मी यालाच मानतो. दोनशे वर्षांपूर्वीचा कॅमेरा नसलेला एक लष्करी माणूस त्या कसोटीला उतरतो आणि आज खिशात भारीतला भारी कॅमेरा घेऊन फिरणारे आपण उतरत नाही.

आपण उतरत नाही, कारण दरम्यान फोटोचं काम बदललं. एके काळी डोंगरातला फोटो ही चढाईची नोंद होती. इटलीच्या व्हित्तोरियो सेल्ला यांचं उदाहरण घ्या. 1882 मध्ये मॅटरहॉर्नवर ते हिवाळ्यात चढले. पुढे 1909 मध्ये ड्यूक ऑफ अब्रुझीच्या मोहिमेत के-टूच्या पायथ्याशी पोचले. जड कॅमेरा आणि काचेच्या तबकड्या पाठीवरून वाहून नेऊन त्यांनी जे टिपलं, त्याचा उपयोग नंतरच्या गिर्यारोहकांनी वाटा शोधायला केला. चित्र देखणं होतंच, पण ते आधी खरं होतं आणि देखणेपण त्या खरेपणातून आलेलं होतं. आता क्रम फिरला आहे. आधी फोटो ठरतो, मग डोंगर, मग वाट, मग मुक्काम.

हा क्रम फिरला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण महाराष्ट्रानं पाहिलं आहे. 2016 मध्ये पुणे पोलिसांतल्या एका दांपत्यानं एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, पुराव्यादाखल शिखरावरचे फोटो दिले. ते फोटो बंगळूरच्या एका गिर्यारोहकाचे होते, त्यांवर चेहरे चिकटवलेले होते. नेपाळनं दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. याउलट के-टूच्या हिवाळी चढाईत दहा नेपाळी गिर्यारोहक माथ्याच्या किंचित खाली एकमेकांसाठी थांबले आणि सगळे एकदम, राष्ट्रगीत म्हणत वर गेले. त्याचं चित्रण जगानं पाहिलं. पाच वर्षांच्या आतले हे दोन फोटो. एकात माणूस शिखरावर नव्हताच. दुसऱ्यात पहिला कोण हा प्रश्नच कुणी उरू दिला नाही. कॅमेरा तोच असतो. त्याच्याकडून आपण काय वदवून घेतो एवढाच फरक.

अकोल्यात कुणी एवढी मोठी फसवणूक करत नाही. इथली लबाडी बारीक आहे, म्हणूनच ती सर्रास चालते. केदारेश्वराची गुहा घ्या. हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळच ही गुहा आहे. आत कमरेएवढ्या पाण्यात मोठं शिवलिंग आणि चार कोपऱ्यांना चार खांब. चारांपैकी तीन तुटलेले, एक उभा. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जग संपेल, अशी समजूत आहे. या गुहेचे फोटो पाहा. बहुतेकांत लिंग, थंडीनं काकडत पाण्यात उतरलेला कुणीतरी हात जोडून उभा, आणि तो एक खांब. तुटलेल्या तीन खांबांची वरची टोकं छताला लटकलेली आहेत, ती कुठे तुटली, तुटीची कड कशी आहे, उभ्या खांबाच्या तळाशी पाण्याची रेषा कुठवर चढते, यातलं काही दिसत नाही. जगबुडीची कथा सांगणारे लाखो फोटो आहेत. पण खांबाचं आरोग्य सांगणारा, दर जानेवारीत त्याच जागेवरून, त्याच कोनातून काढलेला फोटो नाही. एवढी माणसं, एवढे कॅमेरे, आणि नोंद शून्य.

घाटघरलाही असंच. कोकणात डोकावणाऱ्या कड्याचे फोटो सगळे काढतात. त्याच परिसरात 2008 पासून 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प चालू आहे. वरच्या धरणातलं पाणी खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. डोंगर पोखरून केलेलं हे मोठं काम कौतुकानं पाहा की रागानं पाहा, पण ते तिथे आहे. फोटोत ते नसतं. चौकट जरा डावीकडे सरकवली की धरण नाहीसं होतं आणि ‘अस्पर्श निसर्ग’ तयार होतो. भंडारदऱ्याचा जलाशयही 1910 ते 1926 दरम्यान बांधलेल्या विल्सन धरणानं अडवलेला आहे. त्याच्या काठावर तंबू टाकून लोक ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहितात. माणसानं घडवलेला निसर्ग कमअस्सल असतो असं मला म्हणायचं नाही. पण जे आहे ते दाखवायची लाज का वाटावी?

सगळ्यात मोठी काटछाट माणसांची. एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न हिमालयात साडेअठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीपर्यंत कॅमेरा घेऊन गेला. तो कॅमेरा, तबकड्या, अंधाऱ्या खोलीचा तंबू पहाडी हमालांच्या पाठीवर होता आणि ते पळून जातात म्हणून त्यांना मारल्याचं त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याच्या निसर्गचित्रांत मात्र कमालीची शांतता आहे. आपण आज कुणाला मारत नाही. पण हरिश्चंद्रगडावर रात्री गरम पिठलं-भाकरी कुणी दिली, तंबू कुणाच्या डोक्यावरून वर आला, सांदणच्या निसरड्या दगडांवर हात कुणी धरला, हे आपल्याही फोटोत नसतं. हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा मुलूख. इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याला फाशी गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. ज्या वाटांना आपण ‘ऑफबीट’ म्हणतो, त्यांवरून इथल्या बायका कोकणात नातेवाइकांकडे जात आल्या आहेत. हिवाळ्यात भात निघालं की पुढे इथे काम नसतं. कितीतरी कुटुंबं नारायणगावच्या बाजूला भाजीपाल्याच्या शेतांत मजुरीला उतरतात. जे मागे राहतात त्यांना शनिवार-रविवारच्या पर्यटकांचा आधार असतो.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. फोटोमुळे लोक येतात, लोकांमुळे बारीच्या, पाचनईच्या, साम्रदच्या घरांत पैसे येतात. तुमच्या पिवळ्या गवताच्या आणि धुरकट दुपारच्या फोटोंनी कोण येणार? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. डोंगर बंद करा, कॅमेरे जप्त करा म्हणणाऱ्यांत मी नाही. मुंबई-पुण्यात बसून असा सल्ला देणं सोपं, कारण मजुरी बुडते ती आपली नसते. पण सध्याचा फोटो कसला धंदा आणतो, तेही पाहायला हवं. मावळतीच्या एका घटकेसाठी सगळे एकाच कड्यावर, एकाच रात्री. मावळती पाहायची म्हणजे मुक्काम आलाच. मुक्काम म्हणजे तंबू, शेकोटी, स्वयंपाक, आवाज, कचरा. 1986 पासून हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि जानेवारीनंतर वाळल्या गवतात एक ठिणगी वणव्याला पुरते. आठवड्याचे पाच दिवस गाव रिकामं, दोन दिवस जत्रा. हिवाळ्याची दुपार बघायला माणूस शिकला, तर तो सकाळी चढेल, गावात जेवेल, उजेडात उतरेल. एका कड्याऐवजी डोंगरभर फिरेल, आणि वाट, टाकी, झाड, कातळ दाखवणाऱ्या गावकऱ्याची त्याला खरी गरज पडेल. तंबू भाड्यानं कुणीही देऊ शकतो. डोंगर वाचून दाखवणारा मात्र गावातलाच लागतो. त्याचा रोज जास्त असायला हवा.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूनं येतो. छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे. रंग गडद करणं, चौकट निवडणं हा कलावंताचा हक्क आहे. मान्य. चौकट निवडल्याशिवाय फोटोच होत नाही. पण डोंगराच्या फोटोला एक जबाबदारी चिकटलेली आहे, जी फुलाच्या फोटोला नाही. तो पाहून माणसं तिथे जातात. कोकणकड्याचा माथा पुढे आलेला आहे आणि खालची भिंत पोटात गेलेली आहे. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पायाखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून जाणते लोक तिथे पालथं झोपूनच डोकावतात. काठावर पाय सोडून बसलेल्या माणसाचा देखणा फोटो ही माहिती नेमकी लपवतो. नळीच्या वाटेनं कोकणातल्या बेलपाड्याहून हजार मीटरहून जास्त चढून आलेल्याचा माथ्यावरचा हसरा फोटो खालचे सुटे धोंडे, आग्या मोहोळाची भीती आणि संपत आलेलं पाणी सांगत नाही. जानेवारी 2020 मध्ये कोकणकड्याच्या परिसरात रॅपलिंग मोहिमेवर असताना अरुण सावंत गेले. सांदण दरी भटक्यांच्या नकाशावर आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ज्यांची हयात या कड्यांत गेली, असा हा माणूस. ऋतू हिवाळ्याचा, कातळ कोरडा. अनुभवी माणसालाही हा डोंगर सूट देत नाही. मग चुकीच्या समजुती पसरवणारं चित्र ही फक्त अभिरुचीची गोष्ट राहत नाही.

तिसरी अडचण मात्र माझ्याच कसोटीतून निघते. कुठे उभं राहून फोटो काढला ते सांगा म्हटलं, तर ठावठिकाणा जगजाहीर होतो आणि उद्या तिथे दोनशे माणसं उभी राहतात. शिवाय हिवाळा हा केवळ आपला ऋतू नाही. लांब चोचीच्या गिधाडांची वीण नोव्हेंबर ते मार्च या काळात कड्यांच्या कपारींत होते. दोर आणि ड्रोन त्याच महिन्यांत त्याच भिंतींवर पोचतात. तेव्हा घरट्याचा पत्ता सांगूच नये, आणि तिथे चढूही नये. पण ठिकाण लपवणं आणि परिस्थिती लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपार कुठली ते न सांगताही महिना, वेळ, किती अंतरावरून, कुठल्या भिंगानं, आजूबाजूला किती माणसं होती, फोटोत नंतर काय बदललं, हे सांगता येतं. उलट जिथे आधीच सगळं जग जातं, त्या कोकणकड्याबाबत, कळसूबाईच्या शिड्यांबाबत आणि सांदणबाबत लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही; तिथे खरं सांगण्यातच शहाणपण आहे.

मग करायचं काय? गिरिभ्रमण संस्था दर वर्षी छायाचित्र स्पर्धा घेतात, दिवाळी अंक आणि दिनदर्शिका मुखपृष्ठासाठी डोंगर मागवतात. बक्षीस कशाला मिळतं यावर पुढचे फोटो ठरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या दुपारचा, रंग न बदललेला, खाली दिशा आणि वेळ लिहिलेला फोटो, असा एक विभाग या स्पर्धांत ठेवायला पैसा लागत नाही. केदारेश्वराचे खांब, रतनवाडीतल्या अमृतेश्वराच्या मंदिराचं दगडी काम, गडावरच्या टाक्यांतली पाण्याची पातळी, कड्यावरून सुटलेले धोंडे यांचे दर जानेवारीत ठरलेल्या जागेवरून फोटो काढून ते एके ठिकाणी ठेवायचं काम एखादं महाविद्यालय किंवा संस्था सहज करू शकेल. दहा वर्षांत जो संग्रह होईल तो पुरातत्त्वाला, वनखात्याला आणि अपघात झाला तर धावून जाणाऱ्या बचाव पथकालाही उपयोगी पडेल. आणि हे काम करायला डोंगर चढावाच लागतो. त्यामुळे चढणारे आणि फोटो काढणारे अशी जी फारकत झाली आहे तीही मिटेल. कातळाला हात लावून आलेल्या माणसाला काय टिपायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

यानं सूर्यास्ताचे फोटो बंद होणार नाहीत, व्हायलाही नकोत. कोकणकड्यावरची संध्याकाळ खरोखर सुंदर असते आणि तिचा मोह पडणं हा गुन्हा नाही. पण सोनेरी कडा आणि कडेला एकटा माणूस असा फोटो उद्या कुणी समोर धरला, तर वाहवा करायच्या आधी त्याला विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी: महिना कुठला, किती वाजले होते, तुझ्या मागे किती लोक रांगेत होते, अंधारात खाली कसा उतरलास, सोबत गावातलं कोण होतं? फोटो चांगला की वाईट ते नंतर ठरवू. आधी तू उभा कुठे होतास ते सांग.